अमेरिकन लोकशाही आणि देवडीतील माणसे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी महिन्यापूर्वी घरी येऊन संमेलनात चार शब्द बोलण्याचा आग्रह केला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, प्राथमिक शाळेतील शिक्षक. सारी हयात पाढे, शुद्धलेखन आणि भूगोल शिकविण्यात गेली. येथे डॉक्टर, वकील, इंजिनियर अशी विद्वान मंडळी बसलेली असताना मी व्याख्यान द्यावे हे मला शोभणारे नव्हे. परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, विषय कोणताही चालेल, पण मनापासून बोला." मग मात्र गेली काही वर्षे मनात घर करून बसलेली एक गोष्ट आपणांसमोर मांडावी असे वाटले.

२०२३ साली उन्हाळ्यात मी मुलाकडे अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात काही महिने राहिलो. आज आपल्या ज्ञातीतील किती तरी घरांतून मुलेमुली तिकडे आहेत, त्यामुळे त्या देशाचे वर्णन करीत बसत नाही. मुलाच्या शेजारी एक वृद्ध बाई एकट्या राहत. त्याही निवृत्त शिक्षिका. खडूची धूळ दोघांच्याही नशिबी आलेली, त्यामुळे भाषेची अडचण असूनही आमचे सूत जमले. एके दिवशी त्यांनी मला सांगितले की त्यांना मधुमेह आहे, आणि इन्सुलिनसाठी त्यांना दरमहा आता फक्त ३५ डॉलर द्यावे लागतात. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर सणाचा आनंद होता. पूर्वी याच औषधासाठी त्या किराणा सामानात काटकसर करीत असत.

मला नवल वाटले. इन्सुलिनचा शोध १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे लागला. संशोधकांनी त्याचे पेटंट तेथील विद्यापीठाला एकेका डॉलरच्या नाममात्र मोबदल्यात देऊन टाकले. शंभर वर्षांपूर्वी जे औषध जगाला जवळजवळ दान म्हणून मिळाले, त्यासाठी जगातील अतिशय श्रीमंत देशातील एका शिक्षिकेने पोटाला चिमटा का घ्यावा? बाईंना मी विचारले. त्या हसून म्हणाल्या, "आमच्याकडे कायदा सभागृहात होतो, पण शिजतो बाहेर." त्या एका वाक्याचा अर्थ शोधण्यासाठी मुलाच्या मदतीने मी जे काही वाचले, त्याचा गोषवारा म्हणजे आजचे हे भाषण.

अमेरिकेत 'लॉबी' असा शब्द आहे. लॉबी म्हणजे सभागृहाबाहेरची देवडी. आत प्रतिनिधी कायदे करतात आणि देवडीत ज्यांचे त्या कायद्यात हित गुंतले आहे ती माणसे उभी असतात. कोणी कारखानदारांचा वकील, कोणी शेतकरी संघाचा चिटणीस, कोणी कामगारांचा पुढारी. हे काम करणारास लॉबिस्ट म्हणतात. तो चोरदरवाजाने शिरलेला माणूस आहे असे मात्र कोणी समजू नये. १७९१ साली राज्यघटनेत झालेल्या पहिल्या दुरुस्तीने शांततेने एकत्र जमण्याचा आणि सरकारकडे गाऱ्हाणे नेण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे. देवडीतील माणूस याच हक्काने तेथे उभा असतो.

घटनेचे एक शिल्पकार आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेम्स मॅडिसन यांनी १७८७ सालीच एका लेखात या प्रश्नाचा ऊहापोह केला होता. त्यांचा आशय असा की, माणसांचे हित आणि मते भिन्न असल्यामुळे गट पडणारच. गट नाहीसे करावयाचे तर स्वातंत्र्यच नाहीसे करावे लागेल, आणि तो उपाय रोगापेक्षा भयंकर. देश विस्तीर्ण असला, गट पुष्कळ असले, म्हणजे कोणा एकालाच सर्वांवर कुरघोडी करता येणार नाही, अशी त्यांची आशा होती.

ही आशा कोठे फळास आली आणि कोठे आली नाही, हे त्या बाईंच्या औषधाच्या कथेतच पाहू.

नोव्हेंबर १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी काँग्रेसपुढे, म्हणजे तेथील संसदेपुढे, एक योजना ठेवली. प्रत्येक नागरिकाच्या आजारपणाचा विमा राष्ट्राने उतरावा अशी ती योजना होती. आरंभी लोकमत अनुकूल होते. परंतु डॉक्टरांची जी राष्ट्रीय संघटना, अमेरिकन मेडिकल असोसिएशन, तिला ही योजना धोक्याची वाटली. सरकार मध्ये आले की वैद्याचे स्वातंत्र्य गेले, अशी पुष्कळ डॉक्टरांची प्रामाणिक समजूत होती, आणि प्राप्तीची काळजीही होतीच. १९४८ ची निवडणूक ट्रूमन यांनी जिंकताच संघटनेने प्रत्येक सभासदावर २५ डॉलरची पट्टी बसविली आणि कॅलिफोर्नियातील क्लेम व्हिटेकर व लिओन बॅक्स्टर या जोडप्यास प्रचाराचे काम दिले. लोकमत घडविणे हाच या पतिपत्नींचा व्यवसाय होता.

त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. त्यांनी 'राष्ट्रीय विमा' हे शब्द बाजूला सारून 'समाजवादी वैद्यक' हे दोन शब्द सर्वत्र पसरविले. रशियाशी शीतयुद्ध चालू असता हे शब्द म्हणजे बागुलबुवाच होता. आजारी बालकाच्या उशाशी चिंतामग्न बसलेल्या डॉक्टरचे ल्यूक फिल्ड्स या चित्रकाराचे प्रसिद्ध चित्र छापून ते दवाखान्यादवाखान्यांत लावण्यात आले. या चित्रात राजकारण आणू नका, असा त्याखालील मजकुराचा आशय होता. रोगी औषधासाठी येई आणि मत घेऊन जाई. एकट्या १९४९ साली या प्रचारावर सुमारे १५ लाख डॉलर खर्च झाले. योजना बारगळली. राष्ट्राध्यक्ष निवडून आले होते, त्यांचा पक्ष बहुमतात होता, तरीही एका व्यवसायाच्या संघटनेपुढे त्यांचे काही चालले नाही.

असे का व्हावे? बळी तो कान पिळी असे आपण म्हणतो, पण बळ कशात असते? एक साधे उदाहरण देतो. आपल्या सोलापूर-कोल्हापूरकडील मंडळींना ते चटकन समजेल. अमेरिकेत ऊस आणि बीट पिकविणारे शेतकरी आणि त्यांचे कारखाने संख्येने थोडे आहेत. बाहेरच्या स्वस्त साखरेवर मर्यादा घालून देशातील साखरेचा भाव चढा ठेवण्याची व्यवस्था १९३४ सालापासून, मधला थोडा काळ वगळता, तेथे चालत आली आहे. यामुळे प्रत्येक घरास वर्षाकाठी काही डॉलर अधिक पडतात. एवढ्यासाठी कोणती गृहिणी वॉशिंग्टनला गाऱ्हाणे घेऊन जाईल? उलट उत्पादकाचे तर सारे भवितव्यच त्या कायद्यावर अवलंबून. तो वर्गणी देतो, वकील ठेवतो, निवडणुकीस देणगी देतो आणि प्रतिनिधीने कसे मत दिले याची वहीत नोंद ठेवतो. थेंबे थेंबे तळे साचते हे खरे, परंतु थेंब देणारास थेंब जाणवत नाही आणि तळ्याचा मालक मात्र रात्रंदिवस काठावर जागा असतो. थोड्यांचे मोठे हित हे पुष्कळांच्या लहान हितावर मात करते, ते असे.

आता कथेचा दुसरा भाग. सर्वांसाठी विमा मिळत नाही असे दिसल्यावर सुधारकांनी आपली मागणी आखडती घेऊन पासष्ट वर्षांवरील वृद्धांपुरती केली. डॉक्टरांच्या संघटनेने तिलाही विरोध केला. १९६१ साली डॉक्टरांच्या पत्नी शेजारणींना कॉफीस बोलावीत, रोनाल्ड रेगन या नटाच्या भाषणाची ध्वनिमुद्रिका ऐकवीत आणि त्यांच्याकडून प्रतिनिधींना पत्रे लिहवून घेत. आपल्याकडील हळदीकुंकवासारखा घरगुती समारंभ, पण त्यातून पत्रे निघत ती थेट संसदेकडे! पुढे हेच रेगन राष्ट्राध्यक्ष झाले. मे १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वृद्धांच्या प्रचंड सभेपुढे भाषण केले, तर डॉक्टरांच्या प्रवक्त्याने त्याच सभागृहात, श्रोते निघून गेल्यावर, रिकाम्या खुर्च्यांपुढे उभे राहून दूरचित्रवाणीसाठी उत्तर दिले. दोनच महिन्यांनी ते विधेयक सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४८ मतांनी बाजूस पडले.

परंतु यावेळी देवडीत डॉक्टर एकटे नव्हते. कामगार संघांनी आपली शक्ती मागे उभी केली होती आणि १९६१ साली वृद्धांचीही एक राष्ट्रीय परिषद स्थापन झाली होती. आजवर घरी बसून कण्हणारी माणसे गाड्या भरभरून सभांस जाऊ लागली. १९६४ च्या निवडणुकीने संसदेचे रूप पालटले आणि ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी 'मेडिकेअर' या वृद्धांच्या विम्याच्या कायद्यावर सही केली. सहीसाठी ते मुद्दाम मिसूरी राज्यातील इंडिपेंडन्स या गावी वयोवृद्ध ट्रूमन यांच्याकडे गेले आणि विम्याचे पहिले कार्ड त्यांनाच दिले. वीस वर्षांपूर्वीच्या पराभवाचे असे पारणे फिटले. गाव करील ते राव करील काय, ही म्हण अमेरिकेतही खोटी ठरली नाही. मात्र गावाने आधी जागे व्हावयास हवे.

कथा येथे संपती तर मी आनंदाने खाली बसलो असतो. परंतु तिचा तिसरा भागच आपणांसारख्या संस्थाचालक मंडळींनी विशेष लक्षपूर्वक ऐकण्यासारखा आहे.

एथेल पर्सी अँड्रस या लॉस एंजेलिस येथील निवृत्त मुख्याध्यापिका. एक निवृत्त शिक्षिका दारिद्र्यामुळे कोंबड्यांच्या खुराड्यात राहते आहे असे त्यांनी पाहिले आणि तेथून त्यांच्या कार्यास आरंभ झाला असे सांगतात. १९४७ साली त्यांनी निवृत्त शिक्षकांची संस्था काढली. वृद्धांचा विमा उतरण्यास कंपन्या तयार नसत. बाईंनी दारोदार फिरून १९५६ साली आपल्या सभासदांसाठी सामुदायिक विमा मिळविला. मग १९५८ साली सर्वच निवृत्तांसाठी दुसरी संस्था काढली. तिचे नाव एएआरपी. आज तिचे सभासद साडेतीन कोटींहून अधिक आहेत. आमच्या शेजारीणबाईही तिच्या सभासद. एका शिक्षिकेने लावलेल्या रोपाचा हा वटवृक्ष पाहून मला धन्यता वाटली, हे कबूल करतो.

२००३ साली मेडिकेअरमध्ये औषधांचा खर्च समाविष्ट करण्याचे विधेयक आले. वृद्धांची ही जुनीच मागणी होती. परंतु औषध कंपन्यांच्या माणसांनी देवडीत अहोरात्र खपून त्यात एक कलम राहील अशी तजवीज केली. सरकारने औषधांच्या किमतीबद्दल कंपन्यांशी घासाघीस करावयाची नाही, असे ते कलम. बाजारात मेथीची जुडी घेतानाही आपण भाव करतो, आणि कोट्यवधी वृद्धांच्या वतीने खरेदी करणारे सरकार मात्र तोंड उघडणार नाही! कनिष्ठ सभागृहात २२ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे तीनच्या सुमारास मतदान सुरू झाले. एरवी पंधरा मिनिटांत आटोपणारे मतदान जवळजवळ तीन तास उघडे ठेवून, सभासदांची मनधरणी करकरून २२० विरुद्ध २१५ मतांनी ते मंजूर करून घेण्यात आले. हा कायदा घडविण्यात ज्यांचा मोठा हात होता ते समितीप्रमुख बिली टॉझिन २००५ च्या आरंभी संसद सोडून औषध कंपन्यांच्याच संघाचे प्रमुख झाले. सभागृह आणि देवडी यांमधले दार दोन्ही बाजूंनी उघडते ते असे.

आणि वृद्धांची ती महान संस्था? तिने या विधेयकास पाठिंबा दिला. काही नाही त्यापेक्षा थोडे बरे, असा तिच्या पदाधिकाऱ्यांचा युक्तिवाद होता, आणि औषधांसाठी काही मदत त्या कायद्याने मिळाली हेही खरे. पण हजारो सभासदांनी संतापून राजीनामे दिले. आम्हांला विचारले कोणी, हा त्यांचा प्रश्न होता. विमा कंपन्यांना आपले नाव वापरू देण्याबद्दल या संस्थेस मिळणारे उत्पन्न सभासदांच्या वर्गणीहून कितीतरी अधिक असते. ज्याच्या वर्गणीवर संस्था जगत नाही, त्याचा आवाज संस्थेच्या कानापर्यंत पोहोचतो काय, असे टीकाकारांनी विचारले. मला त्याचे उत्तर ठाऊक नाही. परंतु प्रश्न खोटा नाही.

ते कलम एकोणीस वर्षे तसेच राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये नवा कायदा झाला तेव्हा काही औषधांपुरती सरकारला घासाघीस करण्याची मोकळीक मिळाली आणि मेडिकेअरमधील रोग्यांसाठी इन्सुलिनची मर्यादा दरमहा ३५ डॉलर ठरली. सिनेटमध्ये ५० विरुद्ध ५० अशी मते पडली आणि उपाध्यक्षांच्या निर्णायक मताने तो तरला. यावेळी एएआरपीने नव्या कायद्याच्या बाजूने जोर लावला होता हे न्यायाने सांगितले पाहिजे. संस्था चुकते तशी ती सुधारतेही, मात्र सभासद गप्प बसले नाहीत तरच.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, हा सारा पैशाचा खेळ झाला. गरिबाने काय करावे? दाम करी काम हे खोटे नाही. २०२४ साली वॉशिंग्टनमधील लॉबीवरील नोंदलेला खर्चच चार अब्ज डॉलरांहून अधिक होता, आणि त्यात औषधउद्योग अग्रभागी होता. तरीही दोन उदाहरणे धीर देणारी आहेत.

१९०९ साली स्थापन झालेली कृष्णवर्णीयांच्या हक्कांची संस्था, एन. ए. ए. सी. पी., हिच्यापाशी धन नव्हते आणि दक्षिणेतील राज्यांत तिच्या लोकांना धड मतदानही करता येत नव्हते. संसदेचे दार बंद म्हणून तिने न्यायालयाचे दार ठोठावले. वर्षानुवर्षे एकेक खटला लढवीत थर्गुड मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा निकाल मिळविला. या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक डॉ. ड्यू बॉइस. त्यांना १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहिले होते. संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांच्या वतीने गेलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागविली होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांना तेथील आणि येथील दुःखाचे नाते ठाऊक होते. गाऱ्हाणे कसे मांडावे, हेही एकमेकांपासून शिकावयाचे असते.

दुसरे उदाहरण आपल्या भारतीयांचे. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना तेथील नागरिकत्वास अपात्र ठरविले. ज्यांना आधी मिळाले होते त्यांपैकी अनेकांचे काढून घेण्यात आले. त्या वेळी तेथे भारतीय होते अवघे काही हजार, आणि नागरिकत्व नाही म्हणून मतही नाही. अशा स्थितीत जे. जे. सिंग नावाच्या न्यूयॉर्कमधील व्यापाऱ्याने इंडिया लीग ऑफ अमेरिका या संस्थेच्या द्वारा दोन्ही पक्षांत मित्र जोडले, वृत्तपत्रांत लिहिले, एकेका प्रतिनिधीचे दार चिकाटीने ठोठावले. रिपब्लिकन पक्षाच्या क्लेअर बूथ ल्यूस आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे इमॅन्युएल सेलर या दोघांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २ जुलै १९४६ रोजी झाला. वर्षाला फक्त शंभर भारतीयांना प्रवेश, पण नागरिकत्वाचा हक्क मिळाला. त्याचा लाभ घेऊन नागरिक झालेले दलीपसिंग सौंद १९५६ साली कॅलिफोर्नियातून संसदेवर निवडून आले. आज आपली मुले तेथे ताठ मानेने राहतात, त्या इमारतीच्या पायात त्या मूठभर माणसांची चिकाटी आहे.

तेव्हा संघटना चांगली की वाईट, या प्रश्नास अर्थ नाही. तीच देवडी औषध महाग करते आणि तीच नागरिकत्व मिळवून देते. देवडीत कोण, कोणासाठी आणि कोणाच्या पैशाने उभा आहे हे लोकांना दिसले पाहिजे. म्हणून अमेरिकेत १९४६ साली आणि अधिक नेटकेपणाने १९९५ साली कायदे करून लॉबिस्टांना आपले नाव, आपला मालक आणि खर्च नोंदविणे भाग पाडले. त्या कायद्यांत पळवाटा पुष्कळ आहेत. तरी मी आज हे जे बोलू शकलो, त्यातील बराच भाग त्या नोंदींमुळेच लोकांपुढे आला.

शेवटी स्वतःची एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका संस्थेचे निवेदन सहीसाठी माझ्यापुढे आले. माणसे ओळखीची, कार्य चांगले, म्हणून मी न वाचताच सही केली. पुढे कळले की त्यात मागितलेली जागा म्हणजे आमच्याच शाळेतील मुले जेथे खेळत ते मैदान होते. जागा मिळाली. संस्थेची इमारत झाली, तिचा उपयोगही होतो. पण त्यानंतर मधल्या सुट्टीत मुले रस्त्यावर खेळू लागली, आणि त्यांच्याकडे पाहताना माझी मान खाली जाई. त्या मुलांचा देवडीत कोणी नव्हता. जो होता, त्याने उलट बाजूस सही केली होती.

आपले मंडळही शिष्यवृत्तीसाठी, वसतिगृहासाठी अर्जविनंत्या घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढते. त्यात कमीपणा नाही. सभासदांनी एकजुटीने मागावे हा लोकशाहीने दिलेला हक्कच आहे. मात्र शिक्षकी सवयीने मी तीन प्रश्न फळ्यावर लिहून ठेवतो. ही मागणी पदाधिकाऱ्यांची की सर्व सभासदांची? तिचा भार कोणाच्या अंगावर पडणार? आणि ज्याच्या अंगावर पडणार, तो येथे बोलावयास हजर आहे काय? निवेदनावर सही करण्यापूर्वी हे तीन प्रश्न जो स्वतःला विचारील, त्याच्या हातून संघटनेचे बळ सहसा वाया जाणार नाही.

न्यू जर्सीहून निघताना त्या बाईंनी माझा निरोप घेतला तेव्हा त्यांच्या टेबलावर एक अर्धवट लिहिलेले पत्र होते. ते त्यांच्या भागातील प्रतिनिधीस होते. वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावरही त्या दरमहा असे एक पत्र लिहितात. मी म्हटले, "आता तर औषध स्वस्त झाले." त्या म्हणाल्या, "माझे झाले. माझ्या भाचीचे अजून नाही. तिचे वय पासष्ट कुठे आहे?"